आबांच्या पायाखालचं स्केच

माझं काम काय आहे हे पूर्णेत कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत. शेजारच्या काकू गेटावर हात ठेवून विचारायच्या, "दिवसभर त्या लॅपटॉपात काय करायलीस गं बाई?" मी म्हणायचे, "मशीनची चित्रं काढते." "आन् ती मशीन कुटं हाय?" "ती अजून बनायची आहे." मग काकू माझ्याकडं अशा बघायच्या, की या पोरीला शिकवून हिच्या बापानं चूकच केली. त्यांचंही बरोबर आहे. जे अजून बनलेलंच नाही त्याच्यामागं सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळे फोडायचे, हा काय धंदा झाला?

तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी धान्य साफ करायच्या मशीन कॉम्प्युटरवर जुळवते. चाळणी, पंखा, शाफ्ट, पुली, मोटर, सगळे पार्ट वेगवेगळे काढलेले असतात आणि ते पडद्यावर एकमेकांच्या जागी बसवायचे असतात. त्याला असेंब्ली म्हणतात. बहुतेक लोक एक पार्ट दुसऱ्याला चिकटवत जातात. फ्रेमला बेअरिंग, बेअरिंगला शाफ्ट, शाफ्टला पुली. पटापट होतं, दुपारपर्यंत मशीन उभी राहते आणि माणूस खुशीत चहाला जातो. मग वरून फोन येतो, की मोटर मोठी बसवायची ठरली आहे. मोटर बदलली की तिच्यावर ज्याची मदार होती ते सुटतं, त्याच्यावर ज्याची होती तेही सुटतं, पडद्याच्या बाजूची पार्टांची यादी चुकांच्या खुणांनी लालेलाल होते आणि शाफ्ट हवेत, पुली जमिनीत असा तमाशा बघत बसावं लागतं.

माझी रीत वेगळी. मी आधी रिकाम्या पडद्यावर नुसत्या रेषा काढते. शाफ्टचा मध्य कुठं येणार, तिथं एक ठिपका. चाळणी किती कललेली, तिथं एक तिरकी रेष. पुलीच्या जागी एक वर्तुळ. हे स्केच. मग एकेक पार्ट आणून आपापल्या रेषेवर, आपापल्या ठिपक्यावर बसवायचा. शेजारच्या पार्टाशी त्याचा काही संबंध नाही. असं केलं की कुठलाही पार्ट काढा, बाकीचे जागचे हलत नाहीत. काम संपलं की स्केच लपवून टाकायचं. कारखान्यात जो कागद जातो त्यावर ते नसतंच. ऑफिसात यावरून माझी फार चेष्टा चालते. "बाई भाकर थापायच्या आधीसुद्धा परातीत वर्तुळ काढत असतील," असं एकजण म्हणाला होता. म्हटलं, काढत असेन, तुझ्या भाकरीचा नकाशा तर आम्ही बघतोच रोज डब्यात.

इतकी मी हुशार. आणि आमच्या घराची असेंब्ली कशी केलेली होती हे मला माय गेल्यावर कळलं.

आबा पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते, गाड्या या रुळावरून त्या रुळावर वळवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टेशनच्या पलीकडं तीन खोल्यांचं हे घर बांधलं, आणि घर बांधून झालं तशी त्यांची नजर जायला लागली. काचबिंदू. एकदम नाही गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं पुसट होत गेलं, आणि शेवटी उजेड आहे की अंधार एवढंच उरलं. पण ते इतकं सावकाश झालं, की घरातल्या घरात आबांना कधी अडखळताना मी पाहिलं नव्हतं. मी सुट्टीत यायचे तेव्हा ते उठून मोरीत जात, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत, वंदनेच्या कोपऱ्यात बरोब्बर दोन्ही फोटोंसमोर उभे राहून त्रिसरण म्हणत. मी आपली मनात म्हणायचे, आबांना घर पाठ झालंय.

घर पाठ नव्हतं झालेलं. मधल्या खोलीत मायची शिलाई मशीन होती. माय गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची, म्हणजे दिवसभर तिथंच. आबा खाटेवरून उठले की हात पुढं करायचे, हाताला मशीनची लाकडी फळी लागायची. तिथून उजवीकडं वळलं की स्वयंपाकघर, डावीकडं मोरी. अंगणात असले तर मशीनच्या आवाजावरून दार कुठं आहे हे कळायचं. मशीन बंद असली तर माय बोलत असायचीच कुणाशी तरी. खुर्ची मशीनच्या शेजारी, माठ खुर्चीच्या शेजारी, आबांची काठी माठाच्या मागं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. सगळं घर त्या मशीनला आणि मशीनवर बसलेल्या बाईला चिकटवलेलं होतं, आबांसकट.

माय तापाचं निमित्त होऊन गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बोरीहून मावशी आली होती. तिची सून नवीनच शिवण शिकलेली. जेवणं झाल्यावर मावशीनं भीत भीत मशीनचा विषय काढला. आबा म्हणाले, "घेऊन जा की. चालती वस्तू हाय. बंद पडून गंजली तर तिलाच वाईट वाटंल." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्यात देताना मागंपुढं बघत नाहीत, आणि मायची वस्तू मायच्या बहिणीकडं जायलीय म्हणजे बरंच झालं, असं सगळेच म्हणाले. मीपण म्हणाले. टेम्पोत चढवायला एका बाजूनं हात मीच लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले, हात पुढं केला. फळी लागली नाही. कालचं त्यांच्या लक्षात होतं, पण पायांच्या लक्षात नव्हतं. लागंल पुढं, म्हणून ते हात पुढं धरून चालत राहिले, वळायची जागा मागं पडली आणि मागच्या दारातून सरळ बाहेर पायरीवर पडले. कपाळ फुटलं. दवाखान्यात टाके घालताना हूं की चूं केलं नाही. फक्त डॉक्टरला म्हणाले, "माजीच चूक हाय. वळायला पायजे होतं."

माझा मोठा भाऊ नाशिकला असतो. दादा तेव्हा अजून घरातच होता. पट्टी बांधलेलं कपाळ बघून तो म्हणाला, "बास झालं. आबा माझ्याकडं चलतील." वहिनीही चांगली आहे, मनापासून म्हणत होती. पण आबा त्यांच्या फ्लॅटवर आधी राहून आलेले होते. ते खाटेवर बसून शांतपणे म्हणाले, "तुज्याकडं काय कमी न्हाई बाबा. पण तिथं मला संडासला बी कुणाचा तरी हात धरावा लागतोय. सकाळी बसवलं सोफ्यावर की संध्याकाळी उठवायचं. इथं मी माणूस हाय. मी येत न्हाई."

दादा चिडला. रडला पण. शेवटी ठरलं ते असं: थंडी पडायच्या आत दादा पुन्हा येणार. तोवर आबा घरात एकटे वावरायला लागले तर राहू द्यायचं, नाहीतर गाडीत बसवून न्यायचं, मग कुणाचं ऐकायचं नाही. तोवर मी थांबायचं. ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली. तसंही पुण्यात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. एक खोली आहे, तिच्यात माझ्या हातानं ठेवलेलं सामान आहे, आणि मी गेले नाही तर त्याला काही फरक पडत नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यालाही आता जमाना झाला.

पहिल्यांदा मी जे केलं ते कुणीही केलं असतं. मशीनच्या जागी टेबल आणून ठेवलं. आबांना दाखवलं. "उंची कमी हाय," म्हणाले, पण जमवून घेतलं. दोन-चार दिवस बरे गेले. मग फरशी धुवायला टेबल सरकवलं आणि परत ठेवताना अंदाजानं ठेवलं. खुर्ची टेबलाच्या अंदाजानं, माठ खुर्चीच्या अंदाजानं. प्रत्येक वेळी चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं. शेवटी माठाकडं गेलेला आबांचा हात भिंतीवर आपटायला लागला. मग मी तोंडानं सुरू झाले. "आबा, डावीकडं. आबा थांबा. आबा, पुढं बादली हाय. अहो आबा, उजवीकडं म्हटलं ना!" दिवसभर तेच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माईक चालू राहिला तर पुण्यात बसलेल्या लोकांना माझं "आबा, पाय उचला" ऐकू जायचं, आणि कुणीतरी हळूच म्हणायचं, "उचलला, मॅडम."

मी वैतागायचे. आबाही वैतागायचे. "तू बोललीस की मला काय सुधरत न्हाई, आन् न्हाई बोललीस तर काय दिसत न्हाई," असं एकदा चिडून म्हणाले. पण एक सांगते, त्या महिन्यात आमच्या घरात आवाज होता. आबा उठताना हाक मारायचे, मी "आले" म्हणायचे. मोरीतून हाक, अंगणातून हाक. चिडूनच बोलायचो, पण सारखं बोलायचो. लहानपणापासून आबा आणि मी इतकं कधी बोललोच नव्हतो. ते ड्युटीवर असायचे, आणि घरी असले की आमच्यातलं बोलणं मायच्या हातून पलीकडं जायचं.

मग एका दुपारी पुण्याहून एक असेंब्ली आली. कुणीतरी जुळवलेली, मोटर बदलल्यामुळं फाटलेली, मला दुरुस्त करायला. उघडली तर यादी वरपासून खालपर्यंत लाल. सगळे पार्ट एका मोटरच्या गळ्यात पडलेले, आणि मोटर काढलेली. मी फोनवर ज्यानं केलं त्याला धरून झापत होते, की अरे, कुणाला कुणाच्या गळ्यात बांधलंयस, एक काढला की सगळे मेले, आधी रेषा काढायला काय होतं तुम्हाला. तेवढ्यात मधल्या खोलीत माठ फुटला. मी धावले. आबा पाण्यात उभे होते, हात अजून पुढं धरलेला. "न्हाई सापडला," म्हणाले.

मी खापरं वेचताना एकदम थांबले. मला माझाच राग आला. घरातला एक पार्ट काढला होता आणि मी त्याच्या जागी दुसरा ठेवून पुन्हा सगळं त्याच्याच गळ्यात बांधत होते. आणि टेबल तरी काय, उद्या तेही हलणार. आणि माझं ओरडणं? ते तर मायच्या बडबडीचीच नक्कल. म्हणजे मी गेले की पुन्हा यादी लाल.

त्याच दिवशी टेप घेऊन घर मोजायला बसले. भिंती, दारं, खिडकीची कड, मोरीची पायरी, सगळं लॅपटॉपवर उतरवलं आणि मग सामानाला हातही न लावता नुसत्या रेषा काढल्या. खाटेपासून निघणारी एक सरळ रेष. तिला आडवी एक, अंगणाच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. एक फाटा मोरीकडं, एक वंदनेच्या कोपऱ्याकडं. मग एकेक वस्तू रेषेच्या कडेला आणून बसवली. खाट रेषेला लागून. माठाचा स्टँड फाट्यावर. ओटा तर हलत नाही, त्याच्याकडं रेष नेली. कुठलीच वस्तू दुसऱ्या वस्तूवरून मोजायची नाही. सगळं रेषेवरून.

पडद्यावर झकास दिसत होतं. आता ते आबांच्या पायांना कसं दिसणार, हा प्रश्न. आमच्याकडं शहाबादी फरशी आहे. मी आधी सुतळी चिकटवून पाहिली. आबांना अनवाणी पायांनी ती लगेच कळली, पण पहिल्याच पुसण्यात सुतळीचा चिखल झाला. मग गवंडी बोलावला. त्याला म्हटलं, फरशीवर सिमेंटची कड काढून द्या, बोटभर रुंद, नखाएवढी उंच, इथून तिथवर. त्यानं डोक्याचा रुमाल काढून माझ्याकडं बघितलं. "ताई, लोक ठेच लागू नये म्हणून फरशी घासून घेतेत. तुमी ठेच बसवून मागायलाव." मी म्हटलं, पैसे ठेच लागण्याचेच आहेत, काढा. काकू गेटावरून बघत होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की आबांच्या पोरीनं घरात रूळ टाकले.

रूळ हा शब्द आबांनाच सुचला होता. पहिल्या दिवशी पायानं चाचपत म्हणाले, "नोकरीत दुसऱ्याच्या गाड्या वळवल्या. आता म्हातारपणी स्वतःच रुळावरून चालायचं का?" मी म्हटलं, चाला, सिग्नल मिळालाय. हसले नाहीत, पण चालले.

माझीही फजिती झाली. मोरीचं दार आत उघडतं हे मी पडद्यावर धरलंच नव्हतं. आबा रेषेवरून बरोबर गेले आणि दाराची कड बरोबर त्यांच्या नाकावर आली. कॉम्प्युटरवर रेष माऊसनं ओढली की तिच्यावर बसलेलं सगळं मागोमाग येतं. इथं सिमेंट ओढता येत नाही. गवंड्याला पुन्हा बोलवावं लागलं, त्यानं छिन्नीनं आधीची कड फोडताना माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नाही, एवढे उपकार केले. जिथं दोन रेषा मिळतात तिथं एक गोल ठिपकाही बसवून घेतला. पायाला ठिपका लागला की थांबायचं, ठरवायचं, वळायचं.

मग नियम केला. रेषेवर काही ठेवायचं नाही. बादली नाही, चप्पल नाही, भाजीची पिशवी नाही. काकूंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आबांना तर दहा वेळा सांगितलं, की पायाला काही लागलं तर ओलांडू नका, आधी ओरडा, ज्यानं ठेवलं त्याला उचलायला लावा. "आन् तूच ठिवलं असलं तर?" "तर मला शिव्या द्या." आबांना हा नियम भलताच आवडला. एकदा काकूंनी मेथीची जुडी ठेवली, तर आबांनी त्यांना असं फैलावर घेतलं की काकू तिथंच फुरंगटून बसल्या.

हळूहळू आबा सुटले. आधी भिंतीला हात लावून, मग नुसता हात पुढं धरून, आणि मग हात मागं बांधून. खरंच, हात मागं बांधून, प्लॅटफॉर्मवर फिरायचे तसे. पावलाची कड रेषेला लावायची आणि चालायचं. सकाळी उठून मोरीत जाऊन येत, वंदना करत, विजेच्या शेगडीवर स्वतःचा चहा ठेवत. दुपारी रेडिओ, संध्याकाळी अंगणात खुर्ची. माझा मोबाईल वाजला तर टेबलावरून उचलून मला आणून द्यायला लागले. मी बघत बसायचे. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू. इतक्या मशीन जुळवल्या, पण आपलं काम असं हात मागं बांधून चालताना कधी बघितलं नव्हतं.

आणि घर गप्प झालं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. एके दिवशी मीटिंग संपवून उठले तर संध्याकाळ होत आलेली, आणि सकाळपासून आबांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. मारायची कशाला? पाणी सापडत होतं, दार सापडत होतं, काठी सापडत होती. मी उगंच विचारलं, "आबा, काही पायजे का?" "न्हाई." "चहा करू?" "झाला माजा." मग थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पाय दुखतात का. तर म्हणाले, "तुजं काम कर बाई. माजी फिकीर करू नको." मायेनंच म्हणाले. मी माझ्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आणि पडद्याकडं बघत बसले. मला हाक हवी होती. एवढी मोठी बाई मी, पण हवी होती.

काही दिवस मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले. आबा, स्टेशनातलं सांगा काही, म्हणायचे. ते सांगायचे दोन वाक्यं आणि थांबायचे. आमच्यामध्ये बोलणं इकडून तिकडं नेणारी माय नव्हती, आणि डावं-उजवं सांगायचं कामही मी सिमेंटला देऊन बसले होते. मायची आठवण काढली तर ते मान हलवायचे आणि उठून अंगणात जायचे, न चुकता, पहिल्या ठिपक्याला डावीकडं.

थंडी पडायच्या आत दादा आला. एकटाच, गाडी घेऊन. डिकीत आबांसाठी नवी गादी आणि अंगावर घ्यायला ब्लँकेट, म्हणजे तो न्यायलाच आला होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला, फरशीवरच्या कडांकडं बघून म्हणाला, "हे काय करून ठेवलंस?" मी काही म्हणणार तोवर आबा खाटेवरून उठले. हात मागं. ठिपक्याला वळले, स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्याचा आवाज, नळाचा आवाज, शेगडीचं बटन. दादा उठायला लागला तर मी त्याचा दंड धरून खाली बसवला. मग आबा आले, एका हातात कप, दुसरा हात कपावर धरलेला, पाऊल रेषेला. दादासमोर येऊन थांबले. "घे. साखर जास्ती झाली असंल, तुज्या मायला बी जास्तीच लागायची."

दादानं कप घेतला, एक घोट प्याला. आबा तिथंच उभे, उत्तराची वाट बघत. शेवटी दादा म्हणाला, "राहा इथंच आबा. मी काही म्हणत नाही." आबांच्या तोंडावर जे हसू आलं तसं मी माय गेल्यापासून बघितलं नव्हतं. गादी आणि ब्लँकेट दादानं डिकीतून काढून इथंच ठेवलं. डब्याचं काकूंशी बोलणं केलं, औषधांचं केलं. जाताना गेटाजवळ मला म्हणाला, "लय भारी केलंस तू. आता तुलाही इथं अडकून पडायला नको." मी म्हटलं, हो ना. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभी होते.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचा फोन आला. घरचं आटोपलं असेल तर या, नवीन मशीन सुरू करायची आहे, समोर बसूनच करावी लागेल. मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते? आबांना. मला वाटत होतं, आबा म्हणतील, राहा की अजून थोडे दिवस. एवढंच म्हणाले असते तर मी नोकरीला रामराम ठोकला असता, इतकी माझी तयारी होती. मी त्यांच्या खाटेजवळ गेले. "आबा, ऑफिसवाले बोलवायलेत."

"मंग जा की," आबा लगेच म्हणाले. "इथं काय अडलंय?" आणि माझ्या डोक्याच्या अंदाजानं हात वर करून माझ्या केसांवरून फिरवला. "माज्यापायी लय दिवस गेले तुजे."

मी म्हटलं, "काही अडलं नाही आबा."

खरंच नव्हतं अडलं. मी बॅग भरायला म्हणून निघाले आणि मधल्या खोलीतल्या ठिपक्यापर्यंत गेले, पण पुढं पाय उचलेना. तिथंच खाली बसले, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड पदरात घालून. आवाज होऊ नये एवढीच काळजी घेतली. बाहेर उन्हं उतरली होती, काकूंचं पोरांवर ओरडणं चाललं होतं. मी किती वेळ बसले कोण जाणे. आबांची अंगणात जायची वेळ झालेली माझ्या ध्यानातच आली नाही.

ते आले हात मागं बांधून, आपल्या चालीनं, आणि त्यांचं पाऊल माझ्या कुशीला लागलं. थांबले. पायानंच पुन्हा हळूच चाचपलं. कपडा लागला, मऊ काहीतरी लागलं. घरात मी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मी बॅग भरत असणार, तिकडं खोलीत. त्यांनी मान खोलीकडं वळवली आणि मोठ्यानं हाक मारली.

"पोरी, हे गाठोडं कुणी ठिवलं गं वाटंत?"

किती दिवसांनी हाक मारली होती. मी पदरानं तोंड पुसलं. ते वाट बघत उभे राहिले, ओलांडलं नाही, नियम होता.

"मी ठेवलं, आबा," मी म्हटलं. "काढते."

मी उठून भिंतीला लागले. आबांनी पाऊल पुढं टाकून बघितलं, फरशी मोकळी लागली. "हां," म्हणाले, आणि अंगणाकडं निघून गेले.